बराबर म्हणजे कबूल न्हाई

दरवर्षी शांततेचा तो जागतिक दिवस उगवला की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर ती फिल्म येऊन पडते. बासरी वाजते. वरून घेतलेली हळदीची शेतं दिसतात. मग आमच्या शाळेचा हॉल, मागं निळा बॅनर, आणि त्याच्यापुढं तीन खुर्च्यांवर तीन माणसं. एकीकडं बंजारा तांड्याचे फुलसिंग नाईक, दुसरीकडं गाद्या भरणारे महेबूबचाचा पिंजारी, आणि मधी आमचे सर, भर उन्हाळ्यात लग्नातला कोट घालून. नाईक म्हणतात, "बराबर." चाचा म्हणतात, "बराबर." खाली इंग्रजीत अक्षरं उमटतात की दोघांनाही मान्य आहे. टाळ्या वाजतात, फिल्म संपते, आणि ग्रुपवरचे लोक हात जोडलेली चित्रं टाकायला लागतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी फोन पालथा घालते आणि भांडी घासायला बसते, कारण अशा वेळी काहीतरी आपटायला पाहिजे असतं.

ज्यानं ती फिल्म केली त्याला 'बराबर' ह्या शब्दाचा अर्थ कळला नव्हता. आणि ज्याला कळत होता त्याला कुणी विचारलं नाही. मला तर नाहीच नाही, उलट खाली बसवलं. ते सांगतेच, पण आधी सर सांगायला पाहिजेत.

सर आमच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे, मी गणित. जवळा बाजारहून थोडं आत आमचं गाव, तिथल्या एकाच स्टाफरूममध्ये आम्ही दोघांनी नोकरी काढली. त्यांच्याइतकं मला दुसऱ्या कुणी छळलं नसेल. भांडण दिसलं की ह्या माणसाला राहवायचं नाही. दोन पोरं कंपासपेटीवरून एकमेकांची गचांडी धरून आली की सर दोघांना फरशीवर बसवायचे, आपण मधी बसायचे, आणि एकाला म्हणायचे, "हं, आता ह्याची फिर्याद तू सांग." म्हणजे माझी पेटी ह्यानं घेतली, असं सांगायचं नाही. ह्याला ती काहून घ्यावीशी वाटली, ते सांगायचं. आणि ते इतकं नीट सांगायचं की समोरच्यानं म्हटलं पाहिजे, "बराबर." तोवर स्वतःचं एक अक्षर बोलायचं नाही. मग दुसऱ्याची पाळी. पोरं ह्याला उलटी फिर्याद म्हणायची. आम्ही शिक्षक पाठीमागं म्हणायचो, चोराच्या उलट्या बोंबा आणि सरांच्या उलट्या फिर्यादी.

मधी कुणी बोललं की सर खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढून त्याच्या हातावर ठेवायचे. सोलायच्या आणि खायच्या. "तोंडाला काम दिलं की कान मोकळे होत्यात," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं त्यांचे खिसे कायम फुगलेले, आणि स्टाफरूमभर टरफलं. झाडणाऱ्या मावशी एकदा कावल्या. सरांनी लगेच फरशीवर बसून मावशींची फिर्याद मावशींना सांगितली. कंबर दुखते, वाकवत नाही, आणि हे शिकलेले लोक बसल्या जागी घाण करून राहिले. मावशी खूश होऊन म्हणाल्या, "बराबर." दुसऱ्या दिवशी पुन्हा टरफलं. मावशी झाडू घेऊन अंगावर आल्या तर सर म्हणतात, "मावशी, बराबर म्हणजे कबूल न्हाई. बराबर म्हणजे ऐकलं. कबूल आतून यावं लागतंय, त्याला टाइम लागतोय." मावशींनी मग त्यांना जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. पण काही दिवसांनी सर घरून रद्दी पेपर घेऊन आले, त्याच्यावर शेंगा सोलल्या, पुडी बांधली आणि मावशींसमोर उभं राहून म्हणाले, "आता कबूल." असं होतं हे ध्यान.

बाजारातही तेच. मेथीवालीशी घासाघीस करायच्या जागी तिचंच गाऱ्हाणं तिला सांगायचे, की पाऊस नाही, टेम्पोचं भाडं वाढलं, उन्हात पाला सुकून राहिला. बाईला स्वतःचीच इतकी कीव यायची की ती भाव वाढवून सांगायची. वहिनींनी त्यांच्या हातात पिशवी देणं बंद केलं. माझं आणि मुख्याध्यापकांचं वेळापत्रकावरून वाजलं, तेव्हा सरांनी मलाही बसवलं होतं. मुख्याध्यापकांची बाजू सांगता सांगता मला ती पटायला लागली आणि रडूच कोसळलं. हरायचं दुःख वेगळं, पण असं स्वतःच्या तोंडानं हरवतात म्हणजे काय? दोन दिवस मी सरांशी बोलले नाही.

आता वाटेचं सांगते. गाव आणि कब्रस्तान यांच्यामधी फुलसिंग नाईकांचं शेत आहे. पूर्वीपासून जनाजा त्या शेताच्या कडेनं जायचा. नकाशात वाट नाही, पायांनी पडलेली वाट. नाईकांनी शेत घेतलं, नांगर फिरला, हळदीच्या सऱ्या पडल्या, आणि वाट गेली. उरला तो नाल्यातून वळसा. उन्हाळ्यात ठीक, पण पावसात काळ्या मातीचा तो चिखल ज्यानं तुडवलाय त्यालाच माहीत. आधी बोलाचाली झाली, मग एका मयतीच्या वेळी धक्काबुक्की झाली. दोन्हीकडची तरणी पोरं फोनवर नको नको ते लिहायला लागली. सर तेव्हा रिटायर झाले होते. काम ना धंदा, खिशात शेंगा. ते मधी पडले नसते तरच नवल.

चाचांच्या दुकानामागं कडुनिंबाखाली, न भरलेल्या गादीच्या खोळीवर, दर बाजारच्या दिवशी तिघं बसायचे. खुर्ची नाही, चौथा माणूस नाही. मी शेजारच्याच गल्लीत राहते, चहा घेऊन जायचे, म्हणून मला ठाऊक. नाईक आपल्या परीनं चाचांची फिर्याद सांगायचे, की तुमची जुनी वाट होती, पावसात पाय घसरतात, तुम्हाला तकलीफ होते. चाचा मान हलवायचे. बराबर न्हाई. पुढच्या बाजारी पुन्हा. बराबर न्हाई. राहिलं काय, ते सांगायचंही नाही, समोरच्यानं शोधायचं, हा सरांचा कायदा. नाईक वैतागून शेंगांचा फडशा पाडायचे. चाचांचीही तीच गत. तुमचं पीक तुडवतंय, तुमचं नुकसान होतंय, असं ते सांगायचे आणि नाईक म्हणायचे, न्हाई, ह्यात मी न्हाई.

असा हिवाळा गेला, उन्हाळा लागला. तोवर ही गोष्ट कुठून कुठून त्या संस्थेच्या कानावर गेली. बाहेरच्या देशातली मोठी संस्था. जगभर फिरून संवादातून शांततेची संस्कृती उभी करायची, असं त्यांचं काम. काम वाईट आहे असं मी कुठं म्हणते? त्यांचा एक समन्वयक दिल्लीहून आला, गोड बोलला, म्हणाला पाहुणे येतायत, त्यांना ही बैठक प्रत्यक्ष बघायचीय. आणि सर हुरळले! इथं माझा सरांवरही राग आहे. जन्मभर ज्यांची चेष्टा झाली त्यांना परदेशातून कुणी बघायला येतंय म्हटल्यावर माणूस पाघळतो, मला कळतं. पण खोळ सोडून खुर्च्यांवर बसायला तयार झाले, आणि चौथं माणूस नको म्हणणारे शे-दीडशे माणसांपुढं बसले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

त्या दिवशी नशीब असं की दोघांनाही राहिलेलं सापडलं. नाईक चाचांकडं वळून म्हणाले, "घसरण्याचं तुमचं दुख न्हाई. वळसा घालताना आख्खं गाव बघतंय की ह्यांच्या मढ्यालाबी सरळ वाट न्हाई. तुमाला लाज वाटती. बराबर?" चाचांनी डोळे पुसले. "बराबर," म्हणाले. मग चाचा बोलले, "नाईकसाब, तुमच्या बापजाद्यानं बैलावर दुसऱ्याचं मीठ वाह्यलं. गावोगाव फिरले, वीतभर जमीन नव्हती. ही तुमची पैली जमीन. आन आमी तिच्यातूनच वाट मागून राहिलो, जशी ती तुमची न्हाईच. बराबर?" नाईक शेवटी म्हणाले, "बराबर."

हॉलमध्ये शांत झालं होतं. आणि त्या शांततेत दुभाष्या पोरानं पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं, "दे हॅव ॲग्रीड." टाळ्यांचा कडकडाट झाला, कॅमेरे पुढं धावले, समन्वयकानं दोघांचे हात उचलून एकमेकांत दिले. सर हात हलवून "थांबा, थांबा" म्हणत होते, त्यांच्याकडं बघायला कुणाला सवड? मी उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं की ह्याचा अर्थ तो नाही, हे अजून अर्ध्यावर आहे. समन्वयक हसून म्हणाला, "मॅडम, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत." शेवटी चहा आला, आणि गाड्या निघून गेल्या.

फिल्म आठवड्याच्या आत तांड्यावर पोचली. नाईकांचे भाऊ, पुतणे, सगळे त्यांच्या दारात. आम्हाला न विचारता शेत देऊन आलास? टाळ्यांसाठी विकलंस? नाईक सांगत होते की मी फक्त ऐकलं म्हणालो, पण इंग्रजीत लिहिलेलं खोटं कसं असेल! इकडं चाचांच्या मोहल्ल्यातली पोरं नाईकांना रस्त्यात अडवून विचारायला लागली की वाट कधी मोकळी करता, आता तर जगानं बघितलंय. फुलसिंग नाईक अबोल माणूस. त्यांनी सरळ शेताला चारी बाजूंनी काटेरी तार घातली.

श्रावणात चाचांची बायको गेली. चार दिवस झड लागलेली. जनाजा नाल्यातून गेला. सर खांदा द्यायला गेले होते, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी पाणी दिलं तर घेईनात. पुढच्या दोघांचे पाय एकदम घसरले, म्हणाले, जनाजा कलंडला, चाचांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला. आणि तसंच धरून उभं असताना चाचा त्यांना हळूच म्हणाले, "गुरुजी, पिच्चरमदी तर वाट मिळाली होती." बास, एवढंच. रागानं नाही म्हणाले, असं सर पुन्हा पुन्हा सांगत होते. मी म्हणाले, ते नसतील रागावले, मी आहे ना. त्या बाईनं जन्मभर लोकांच्या गाद्यांना टाके घातले, आणि तिला शेवटचं पाठ टेकायला असं न्यावं लागलं. कुणाच्या टाळ्यांसाठी?

हिवाळ्यात निमंत्रण आलं. हिंगोलीला मोठ्या हॉलमध्ये सरांचा सत्कार, संस्थेचे पाहुणे पुन्हा येणार. मी सरांना म्हणाले, जायचं नाही. गेलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. तर ते म्हणतात, "बाई, आधी त्या संस्थेची फिर्याद सांगा बरं." मी म्हणाले, सर, माझ्या जिभेला लकवा झालाय असं समजा. आयत्या बिळावर नागोबा, हीच त्यांची फिर्याद. सरांनी मुकाट्यानं माझ्या हातावर शेंगा ठेवल्या. मी त्या अंगणात फेकल्या, आणि शेवटी त्यांच्याबरोबर गेलेही, कारण वहिनींना बरं नव्हतं आणि ह्या माणसाला एकटं सोडण्यात अर्थ नव्हता.

शाल झाली, नारळ झाला. ती फिल्म पुन्हा दाखवली. सर बोलायला उठले ते माईककडं गेलेच नाहीत, पहिल्या रांगेतल्या पाहुण्या बाईंसमोर सरळ खाली फरशीवर बसले. खरं सांगायचं तर बाई चांगल्या होत्या, डोळ्यांत कळकळ होती. सर म्हणाले, "मी तुमची फिर्याद सांगतो. तुमच्या मुलकात लढाया झाल्या. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारलं. तवा कुणी मधी बसलं न्हाई, ते तुमच्या मनाला लागून राहिलंय. म्हणून कुठं दोन माणसं बोलायला बसली, की ते साऱ्या जगाला दाखवावं वाटतंय. दाखवायचं तर शेवट गोड पायजे. आन तुमच्याकडं एकच दिवस व्हता. बराबर?"

दुभाष्यानं कानात सांगितलं. बाईंचे डोळे भरले. त्यांनी शब्द विचारून घेतला आणि अडखळत म्हणाल्या, "बराबर." लोक टाळ्या वाजवायला लागले. सरांनी हात वर केला. "आता आमची फिर्याद तुमी सांगा."

टाळ्या थांबल्या. बाईंनी दुभाष्याकडं बघितलं, दुभाष्यानं समन्वयकाकडं. कुणालाच काही माहीत नव्हतं. तार माहीत नव्हती, नाला माहीत नव्हता, चाची गेली हे माहीत नव्हतं. बाई खुर्चीतून उतरून सरांसमोर खाली बसायला लागल्या होत्या, मी बघितलं. पण समन्वयकानं माईक ओढला आणि वेळेअभावी आपण भोजनाकडं वळूया म्हणाला. वेळेअभावी! जगात शांतता आणायला निघालेत आणि बसायला वेळ नाही. सर किती तरी वेळ तिथंच बसून होते, खांद्यावर शाल, आणि माणसं त्यांच्या बाजूनं वाट काढत ताटं घ्यायला जात होती. मी त्यांना उठवलं आणि जेवण न करता गाडीत बसवलं.

त्यानंतर सर रोज तांड्यावर जायला लागले. नाईकांच्या ओट्यावर बसायचं आणि नाईकांची फिर्याद नाईकांना सांगायची. भावकीत इज्जत गेली. बराबर न्हाई. मी तुम्हाला स्टेजवर नेऊन बसवलं, दगा माझा. बराबर न्हाई. पोरांनी रस्त्यात अडवलं. न्हाई. एका दिवशी मीही गेले होते. सर थकून शेंगा सोलायला लागले, तेव्हा नाईक आपणहून बोलले. कायदा त्यांनीच मोडला.

"गुरजी, मी वाट देणारच व्हतो," म्हणाले. "पुढल्या बाजारी, त्या लिंबाखाली, माझ्या तोंडानं चाचाला सांगणार व्हतो. आमच्या घराण्यात कुणी कुणाला जमीन दिली न्हाई, व्हतीच कुठं? मी पैला देणार व्हतो. त्या पिच्चरवाल्यांनी माझ्या तोंडातून ते काढून घेतलं. आता तार काढली तर पिच्चर खरा ठरंल."

सरांनी विचारायचं सोडून दिलं. परतताना मी आतून फणफणत होते. लोक समजतात की त्या फिल्मनं वाट उघडली. वाट बंद केली ती त्या फिल्मनंच, आणि नाईकांसारख्या माणसाला तिचा पहारेकरी करून ठेवलं.

मधी दोन-तीन वर्षं गेली. ह्या पावसाळ्यात महेबूबचाचा गेले. सकाळी मशिदीतून पुकारा झाला, तो तांड्यापर्यंत ऐकू जातो. जनाज्याबरोबर बायका जात नाहीत, म्हणून मी शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिले, नाल्याकडं तोंड करून. जनाजा आला आणि वळसा घ्यायला लागला, तेव्हा कुणीतरी थांबलं, मग सगळेच थांबले. तार सोडलेली होती. हळदीच्या दोन सऱ्या मोडून मधी वाट केलेली होती आणि चिखलावर कडबा अंथरला होता. पाऊसकाळात, जनावरांच्या तोंडचा कडबा. गुंडाळलेल्या तारेजवळ नाईक उघड्या डोक्यानं उभे होते. ते कुणाला या म्हणाले नाहीत. पुढच्या माणसानं कडब्यावर पाय टाकला आणि जनाजा आत शिरला.

चाचांचा परभणीचा जावई मागं होता. त्यानं फोन काढून वर धरला. सर लगबगीनं त्याच्यापाशी गेले, दोन्ही खिशांतल्या शेंगा काढल्या आणि त्याच्यापुढं धरल्या. बिचाऱ्यानं गोंधळून फोन खिशात टाकला आणि ओंजळ पुढं केली. मयतीत कुणी शेंगा खातं का? तो तशीच भरलेली ओंजळ घेऊन चालत राहिला.

जनाजा नाईकांच्या अंगावरून जायला लागला तसे ते एक पाऊल पुढं आले. आवाज हळू होता, पण मी बांधावरून ऐकला.

"चाचा," ते म्हणाले, "कबूल."

ज्याला सांगायचं होतं तो खांद्यावर होता.